वेणी कोण घालते, कोण सोडते? : मराठी साहित्यातील केशरचनेच्या निवडीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी साहित्यात स्त्रीच्या केसांचे उल्लेख विपुल आहेत; मात्र मराठी समीक्षेने त्यांच्याकडे प्रामुख्याने दोनच टोकांवरून पाहिलेले दिसते. एका टोकाला शृंगार आहे. तेथे वेणी ही सौंदर्यवर्णनातील एक ठरीव बाब ठरते, नागिणीशी तिची तुलना होते आणि विवेचन पुढे सरकते. दुसऱ्या टोकाला केशवपन आहे. तेथे केसच नाहीसे होतात आणि विवेचन समाजसुधारणेच्या इतिहासाकडे वळते. या दोन टोकांच्या मध्ये घराघरांत रोज घडणारी एक साधी कृती उरते. आज केस कसे बांधायचे, हे सकाळी फणी हातात घेतलेली स्त्री ठरविते. तीन पेडांची एक वेणी, दोन वेण्या, सागरवेणी, खोपा की नुसता बुचडा, यांतून ती काहीतरी निवडते. किंवा तिच्यासाठी दुसऱ्या कोणी ते आधीच निवडलेले असते. ही निवड क्षुल्लक मानली गेल्यामुळे तिच्याविषयी लिहिण्याची गरजही फारशी कोणाला वाटलेली नाही.

वर्धा जिल्ह्यातील आष्टी हे तालुक्याचे गाव १९४२ च्या ऑगस्टमधील लढ्यामुळे सर्वपरिचित आहे. अशा गावातील महाविद्यालयात नव्याने येणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहिले असता हा विषय क्षुल्लक वाटत नाही. सर्वसाधारणपणे दहावीपर्यंतच्या तिच्या दोन वेण्या शाळेने ठरविलेल्या असतात. पुढची एक वेणी घरच्यांना मान्य असते. मोकळे केस बहुधा लग्नसमारंभापुरते चालतात. या तिन्ही अवस्थांमध्ये तिचे स्वतःचे मत नेमके कोठे येते, हा प्रश्न राहतोच. म्हणून प्रस्तुत लेखात काही निवडक साहित्यकृतींचा विचार दोन प्रश्नांच्या आधारे केला आहे : वेणी कोणाच्या हाताने घातली जाते आणि ती सोडण्याचा अधिकार कोणाचा?

पेड, हात आणि वेळ

साहित्यकृतींकडे वळण्यापूर्वी वेणीच्या प्रकारांचा व्यावहारिक अंगाने विचार करणे आवश्यक आहे, कारण समीक्षेने तो जवळजवळ टाळला आहे. तीन पेडांची साधी वेणी स्त्री स्वतःची स्वतः घालू शकते. केस खांद्यावरून पुढे घेतले की शेवटपर्यंत पेड हाताखाली दिसत राहतात. सागरवेणीचे तसे नाही. ती टाळूपासून सुरू होते आणि खाली येताना दोन्ही बाजूंचे थोडे थोडे केस प्रत्येक पेडात मिसळत जावे लागतात. सरावाशिवाय ती स्वतःच्या डोक्यावर नीट जमत नाही. त्यासाठी मागे बसणारी आई, बहीण किंवा मैत्रीण लागते. चार-पाच पेडांची वेणी किंवा बारीक बटा आळीपाळीने फिरविणारी खजुरी वेणी यांना तर हात आणि वेळ दोन्ही अधिक लागतात. याचा अर्थ असा की, वेणीचा प्रकार हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. घरात मोकळा वेळ असलेले दुसरे हात आहेत की नाहीत, हे वेणीवरून कळते.

कष्टकरी स्त्रीच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. कापूस वेचणाऱ्या बाईच्या पाठीवर लांब वेणी रुळत राहणे सोयीचे नसते. वाकताना ती पुढे येते आणि पऱ्हाटीच्या फांद्यांत अडकते. डोक्यावर चुंबळ ठेवून पाण्याचे भांडे किंवा गवताचा भारा उचलायचा असेल, तर टाळूवर काहीही बांधून चालत नाही. केस मानेवरच गुंडाळावे लागतात. ग्रामीण स्त्रीचा मानेवरचा बुचडा हा ‘साधेपणा’ म्हणून साहित्यात वर्णिला जातो. वस्तुतः तो तिच्या कामाने घडविलेला आकार आहे. मराठी ग्रामीण कथेने नांगर, मोट, औत यांची तपशीलवार ओळख करून दिली. फणीला मात्र तेवढा न्याय मिळाला नाही. कदाचित फणी हे अवजार आहे, असे कोणाला वाटलेच नसावे.

यादृष्टीने स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या महत्त्वाच्या ठरतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून सुमारे एक लाख ओव्या संकलित झाल्या. आईच्या हातची वेणीफणी आणि तिने निगुतीने वाढविलेले लांब केस हा ओव्यांतील आवडता विषय आहे. येथे केस शृंगाराचे साधन म्हणून येत नाहीत. ते माहेराची खूण म्हणून येतात. सासरी आलेल्या मुलीला आईची आठवण होते ती आपल्या डोक्याला त्या हातांचा स्पर्श राहिलेला नाही म्हणून.

सोडणारा हात

संस्कृत परंपरेत वेणीचे सर्वांत ठळक रूप म्हणजे विरहिणीची एकवेणी. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्षपत्नी विरहाच्या पहिल्या दिवशी बांधलेली एकच वेणी वर्षभर तशीच ठेवते. तीत फुले नाहीत, तेल नाही, फणी नाही. शाप संपल्यावर ती वेणी सोडण्याचा मान यक्षाचा आहे आणि यक्ष स्वतः ते मेघाला सांगतो. वा. वि. मिराशी यांनी ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादन केल्यापासून हे काव्य विदर्भाच्या अभिमानाचा विषय झाले. त्या अभिमानात एक गोष्ट सहज नजरेआड होते. रामगिरीवर बसून बोलणारा यक्ष आहे. अलकेत वेणी सांभाळणारी त्याची पत्नी संपूर्ण काव्यात स्वतःच्या तोंडाने काहीच बोलत नाही. तिच्या निष्ठेचे वर्णन आपण ऐकतो ते पतीच्या कल्पनेतून. ती वेणी तिने तशीच ठेवली असेल, याची खात्री फक्त त्याला आहे.

भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’त हीच रचना उलटी होऊन येते. शीर्षकातील ‘संहार’ शब्दाने मराठी वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव असतो; येथे त्याचा अर्थ नाश नसून एकत्र गोळा करून बांधणे असा आहे. भर सभेत केस धरून ओढल्यापासून द्रौपदीचे केस मोकळे आहेत. लोकपरंपरेने केस न बांधण्याची प्रतिज्ञा द्रौपदीच्या मुखी घातली. नाटकात मात्र प्रतिज्ञा गर्जतो तो भीम : दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी आपणच हे केस बांधू, अशी. म्हणजे यक्षपत्नीची वेणी पती सोडणार आणि द्रौपदीची वेणी पती बांधणार. या दोन्ही कृतींमध्ये केस स्त्रीचे असले तरी त्यांची गाठ पुरुषाच्या कथेला मारलेली आहे. लोकपरंपरेने केलेला बदल त्यामुळेच लक्षणीय वाटतो. नाटककाराने भीमाला दिलेला निर्णय सामान्य श्रोत्यांनी द्रौपदीला परत दिला.

या पार्श्वभूमीवर संत जनाबाईंचा तुळशीबनातील प्रसंगाचा अभंग वाचला असता त्यातील धीटपणा जाणवतो. गंगाखेडहून आलेली, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणारी जनी तुळशीच्या बनात स्वतःची वेणी स्वतःच उकलते. मग चक्रपाणी हातात लोणी घेऊन तिचे डोके चोळतो, तिला पाणी घालतो. तसे का, तर जनीला दुसरे कोणी नाही म्हणून. भक्तिपर विवेचनात या अभंगाकडे देवाच्या कृपाळूपणाचा दाखला म्हणून पाहिले जाते आणि ते चुकीचेही नाही. परंतु अभंगाची सुरुवात देवाच्या कृतीने होत नाही, जनीच्या कृतीने होते. वेणी सोडण्यासाठी ती कोणाच्या परतण्याची वाट पाहत नाही. त्यानंतर येणारा हात पतीचा नाही, धन्याचाही नाही. तो आईचे काम करणारा हात आहे. ओव्यांतील सासुरवाशीण ज्या स्पर्शासाठी झुरते, तो स्पर्श जनाबाई देवाकडून मिळवितात आणि शेवटी ही गोष्ट सर्व लोकांना उघडपणे सांगतात. दासीने आपली वेणीफणी जगाला सांगावी, एवढी ती महत्त्वाची आहे, असे मानणारी ही कवयित्री आहे. मधुराभक्तीच्या चौकटीत हा अभंग बसविण्याचा मोह होतो; पण त्यातील लोणी आणि पाणी ही न्हाऊ घालण्याची सामग्री आहे, शृंगाराची नव्हे.

रुक्मिणीचा वेश

आष्टी-आर्वी परिसराला रुक्मिणीची कथा परकी नाही. तिचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर वर्धा नदीच्याच काठी आहे. महदंबेचे ‘धवळे’, नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आणि पुढे एकनाथांचे त्याच नावाचे आख्यान यांतून ही वैदर्भी मराठीत घरोघरी पोहोचली. स्वतः पत्र लिहून वर निवडणारी ही नायिका आहे. याच कथेत केसांचा एक प्रसंग येतो, तो मात्र पुरुषाचा. बहिणीच्या निवडीला विरोध करणाऱ्या रुक्मीला श्रीकृष्ण ठार मारीत नाही. त्याचे केस आणि मिशा वेड्यावाकड्या भादरून त्याला सोडतो. बलरामाला ही विटंबना मरणासारखी वाटते आणि तो कृष्णाला बोल लावतो. पुरुषाच्या बाबतीत केस भादरणे ही मृत्यूतुल्य शिक्षा, हे परंपरेला पक्के ठाऊक होते. तरीही विधवेच्या बाबतीत तेच कृत्य धर्म ठरले.

रुक्मिणीला विसाव्या शतकात नवे रूप दिले ते बालगंधर्वांनी. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत स्वयंवर’मधील त्यांच्या रुक्मिणीचे पातळ, दागिने, केशभूषा आणि फुले यांचे अनुकरण त्या काळच्या स्त्रियांनी केले, असे मराठी रंगभूमीच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. याकडे केवळ गंमत म्हणून पाहणे पुरेसे नाही. कुलीन स्त्रीने केस कसे बांधावेत याचा नमुना एका पुरुष नटाच्या डोक्यावर सिद्ध झाला आणि तेथून तो माजघरात आला. त्या काळी कुलीन स्त्रीला रंगमंचावर उभे राहण्याची मोकळीक नव्हती. पुरुषाने उभ्या केलेल्या स्त्रीसारखे दिसण्याची मात्र होती. अर्थात, येथे एक दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. सासूने सांगितलेला खोपा सोडून नाटकात पाहिलेली रचना करून पाहणारी सून काहीतरी निवडत होतीच. नमुना उसना असला तरी निवडीचा आनंद उसना म्हणता येत नाही. बालगंधर्वांवरील लेखनात त्यांच्या वेशाचे कौतुक भरपूर आहे; त्या वेशाने प्रेक्षागृहातील स्त्रियांना दिलेल्या या छोट्या मोकळिकीचा विचार त्या मानाने अल्प आहे.

केस असण्याचा निर्णय

केशवपनाचा विषय मराठीत पुष्कळ चर्चिला गेला आहे, त्यामुळे त्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या निबंधात, बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का राहू नये, असा उलटा सवाल केला. हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमुनेवर झालेली जबरदस्ती वाचकाला अस्वस्थ करते. तथापि ही कादंबरी यमुनेला शेवटपर्यंत सोसणारी म्हणूनच उभी करते. तिच्या केसांविषयी निर्णय घेणारे सगळे इतर असतात.

पार्वतीबाई आठवले यांच्या ‘माझी कहाणी’ (१९२८) या आत्मचरित्राचे वेगळेपण येथेच आहे. हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव निधी गोळा करीत फिरणाऱ्या या विधवेने केशवपन थांबवून केस वाढू देण्याचे ठरविले आणि त्या निर्णयाची कहाणी स्वतः सांगितली. वरकरणी पाहता येथे वेणीच्या प्रकारांची निवड नाही. केस असावेत की नसावेत एवढाच प्रश्न आहे. परंतु कोणती वेणी घालायची हे ठरविण्याआधी स्त्रीला ज्या पायरीवर उभे राहावे लागते, ती हीच पायरी होय. हा निर्णय वयात आलेल्या, नाव मिळविलेल्या, सार्वजनिक काम करणाऱ्या स्त्रीलाही सोपा गेला नाही. आत्मचरित्रांवरील समीक्षेत पार्वतीबाईंच्या अमेरिका-प्रवासाला जेवढे स्थान मिळते, तेवढे या निर्णयाला मिळत नाही. वास्तविक दोहोंपैकी अवघड प्रवास कोणता होता, याचा पुन्हा विचार व्हावयास हवा.

निवड नाकारणारी वेणी

वेणीच्या विरुद्ध टोकाला जट आहे. जट म्हणजे कोणीही न घातलेली वेणी. केस बराच काळ न विंचरल्यास, नीट न धुतल्यास तेल, धूळ आणि मळ यांमुळे ते एकमेकांत गुंतून घट्ट होतात. एवढेच तिचे कारण असते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मात्र मुलीच्या केसांत जट दिसणे म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचे बोलावणे समजले गेले. राजन गवस यांची ‘चौंडकं’ (१९८५) ही कादंबरी याच समजुतीवर उभी आहे. सुलीच्या केसांत जट निघते आणि त्या क्षणापासून तिचे आयुष्य देवीच्या नावाने इतरांच्या हाती जाते. तिच्यावर आलेला ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट अनेकांनी पाहिला आहे.

‘चौंडकं’विषयीचे बहुतेक विवेचन देवदासी प्रथेच्या समाजशास्त्राभोवती फिरते. ते योग्यच आहे. महाराष्ट्रात या प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा २००५ चा आहे, इतका तो प्रश्न अलीकडचा आहे. परंतु केवळ समाजशास्त्र पाहिल्याने कादंबरीतील मूळ साहित्यिक घटना निसटते. ती घटना अशी की, एका मुलीच्या डोक्याला फणी लावण्यास मनाई होते. जनाबाई वेणी उकलतात. सुलीला गुंता उकलण्याची परवानगी नाही. जटेला हात लावला तर कोप होईल, ही भीती फणी धरू शकणाऱ्या प्रत्येक हाताला थिजवून टाकते, आईच्या हातालाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अलीकडच्या वर्षांत अनेक स्त्रियांच्या जटा सोडविल्या, ते काम कात्रीचे कमी आणि समजावण्याचे अधिक आहे, ते यामुळेच. गवस यांच्या कादंबरीचे सामर्थ्य देवीच्या उत्सवांच्या वर्णनापेक्षा या न लावलेल्या फणीत आहे, असे म्हणावे लागते.

दोन वेण्या आणि वर्ग

सीमाभागातील जटेवरून वर्धा जिल्ह्यातील शाळेच्या वर्गात येणे काहीसे विसंगत वाटेल. तथापि डोके मुलीचे आणि नियम दुसऱ्याचा, ही रचना दोन्हीकडे आहे. नीटनेटकेपणा, उवांचा प्रादुर्भाव टाळणे आणि गरीब-श्रीमंत भेद न दिसणे, ही दोन वेण्यांच्या नियमाची नेहमी सांगितली जाणारी कारणे आहेत. ती पूर्णतः निराधार नाहीत. परंतु एक घट्ट वेणी घालूनही हे हेतू साध्य होतात. सतत घट्ट ताणून बांधल्याने कपाळाजवळचे केस विरळ होतात, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. मग नेमक्या दोनच वेण्या, त्याही वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या, कशासाठी? याचे उत्तर आरोग्यात सापडत नाही.

या संदर्भात वर्धा जिल्ह्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या महात्मा गांधींचा एक प्रसंग आठवतो. सेवाग्रामला येण्याच्या कितीतरी आधी, दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर दोन मुलींची थट्टा झाली. गांधीजींनी मुलांना समज दिली आणि मुलींना केस कापून घेण्यास सांगितले. मुली आधी तयार नव्हत्या. अखेर त्यांनी मान्य केले आणि गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांचे केस कापले. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांनी हे प्रांजळपणे लिहिले आहे आणि असे प्रयोग अनुकरणासाठी नाहीत, असेही तेथेच बजावले आहे. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही दोष मुलांचा आणि किंमत मुलींच्या केसांची, हा हिशेब चुकीचाच राहतो. त्यांनी स्वतः दिलेला इशारा मात्र फारसा कोणी ऐकलेला दिसत नाही. ‘मुलांचे लक्ष विचलित होते’ हे कारण आजही शिस्तीच्या चर्चेत सहजपणे पुढे केले जाते.

अन्यत्र या प्रश्नाचा विचार नियमांच्या पातळीवर सुरू झाला आहे. केरळच्या राज्य बालहक्क आयोगाने २०१६ मध्ये, मुलींवर दोन वेण्यांची सक्ती करू नये, असे शाळांना सांगितले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांचा पोत आणि वेण्यांचे प्रकार यांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. तेथे प्रश्न कृष्णवर्णीयांच्या केसांचा होता.

मराठी पाठ्यपुस्तकांच्या चित्रांत दोन वेण्या ही अनेक वर्षे ‘मुलगी’ या शब्दाचीच खूण होऊन बसली. रेषांच्या दोन फटकाऱ्यांत चित्रकाराला मुलगी दाखविता येत असे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील, आईबरोबर भाजी निवडणाऱ्या वडिलांच्या चित्राचे सर्वत्र स्वागत झाले. मुलीच्या मागे बसून तिची वेणी घालणाऱ्या वडिलांच्या चित्राची तशी चर्चा अद्याप झालेली नाही. जनाबाईंच्या अभंगात लोणी घेऊन बसलेला चक्रपाणी मात्र सातशे वर्षांपासून तेथेच आहे.